चौकातली वेळ कोणाची?

जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास मुंबईच्या काळा घोडा भागात नऊ दिवसांचा कला महोत्सव भरतो. 1999 पासून भरतोय. रस्त्यावर मांडणशिल्पं उभी राहतात, तिकीट नसतं, आणि आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर मुंबईच्या भाच्याचे फोटो धडाधड येऊन पडतात. ‘काळ’ हा अशा शिल्पांचा हुकमी विषय. कुणी जुनी घड्याळं एकावर एक रचतं, कुणी वाळू वाहती ठेवतं, कुणी चाकं फिरवतं. खाली पाटी असते, आणि तिच्यावर ‘क्षणभंगुर’, ‘अनंत’, ‘थांबलेला क्षण’ असे शब्द. लोक समोर उभं राहून फोटो काढतात आणि पुढे जातात.

मला त्या फोटोंचा राग नाही. चित्र-शिल्प बघायला पैसे न मोजता येणं ही आपल्या देशात लहान गोष्ट नाही. पण तेलगावात बसून ते फोटो बघताना दरवेळी एकच प्रश्न पडतो. हा काळ नेमका कोणाचा? पाटीवरचा काळ सगळ्यांचा असतो, म्हणून कोणाचाच नसतो. खरा काळ तसा नसतो. त्याला मालक असतात. तो कुणीतरी ठरवतं आणि दुसऱ्या कुणालातरी पाळावा लागतो.

गंमत म्हणजे हे सांगणारी सगळ्यात चांगली वस्तू त्याच परिसरात उभी आहे. महोत्सवाच्या जागेपासून चार पावलांवर मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आहे. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले, मनोऱ्याला आईचं नाव दिलं, 1878 मध्ये तो बांधून झाला. आज पर्यटक त्याच्याकडे सुंदर इमारत म्हणून बघतात. एके काळी मात्र त्याच्यावरचं घड्याळ किती वाजले दाखवणार, यावरून शहरात भांडण झालं होतं. 1881 मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईने मद्रास टाइम पाळावा असं फर्मान काढलं. मद्रासची वेळ मुंबईच्या सूर्यापेक्षा अर्धा तास पुढे. व्यापारी आणि पुढारी चिडले, आणि सार्वजनिक घड्याळांनी सरकारी वेळ दाखवायची की शहराची, हा वादाचा विषय झाला.

मग 1 जानेवारी 1906 ला भारतीय प्रमाणवेळ आली. ती 82.5 अंश रेखांशाची, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळच्या सूर्याची वेळ. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा 39 मिनिटं मागे होती. 39 मिनिटं म्हणजे काय, असं साहेबाला वाटलं असेल. पण गिरणीत पहाटे हजर व्हायचं असलेल्याला ती 39 मिनिटं झोपेतून द्यावी लागणार होती. त्याच जानेवारीत गिरणी कामगारांनी याच्याविरुद्ध दंगा केला. नगरपालिकाही आपली घड्याळं ‘बॉम्बे टाइम’वरच चालवत राहिली, आणि ही दुहेरी वेळ थेट 1955 पर्यंत रेटली गेली. माझे मुंबईचे एक नातेवाईक सांगायचे, त्यांचे आजोबा वेळ विचारली की आधी विचारत, “कोणती सांगू?”

हा किस्सा महोत्सवातल्या कुठल्याही पाटीवर मी वाचलेला नाही. दोन घड्याळं शेजारी शेजारी, एकात 39 मिनिटं मागे, आणि खाली फक्त ‘1906’. एवढंच मांडलं असतं तर काळावरचं शिल्प झालं असतं.

ज्या घोड्यावरून त्या भागाचं नाव पडलं, त्याची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा, घोड्यावर बसलेला पुतळा तिथे होता. खर्च केला होता अल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून यांनी. हे मूळचं बगदादचं यहुदी घराणं. (‘अब्दुल्ला’ नाव बघून आपल्यातले काही जण लगेच खूश होतात, म्हणून आधीच सांगून टाकलं.) 1965 मध्ये पुतळा तिथून हलवून भायखळ्याच्या राणीबागेत नेला. चौक रिकामा झाला, पण नाव ‘काळा घोडा’च राहिलं. 2017 मध्ये तिथे नवा घोडा उभा केला, आणि त्याच्यावर स्वार नाही. माझ्या मते त्या परिसरातलं काळावरचं सगळ्यात नेमकं शिल्प हेच. राजा गेला, घोडा राहिला, आणि पत्ता सांगताना लोकांना स्वाराची गरजही पडत नाही.

आता तेलगाव.

आमच्या गावात मनोरा नाही, मोठं घड्याळही नाही. तरी वेळ चौकात ऐकू येते. साखर कारखाना आहे, म्हणून भोंगा आहे. मशिदी आहेत, म्हणून अजान आहे. शाळा आहे, म्हणून घंटा आहे. मंदिरातली काकड आरती आणि सप्ताहातला हरिपाठ आहे. मी लहान असताना ‘भोंगा झाला का?’ हा वेळ विचारायचा साधा प्रश्न होता. 2022 च्या एप्रिल-मेमध्ये ‘भोंगा’ हा शब्द अचानक मशिदीवर चढला, मुदती दिल्या गेल्या, वाहिन्यांवर महिनाभर दुसरं काही चाललं नाही. वर्गात एका मुलाने मला विचारलं, “सर, कारखान्याचा भोंगा पण काढणार का?” मुलं शब्दाला शब्द धरून चालतात, मोठ्यांसारखी सोयीने नाही.

त्याबद्दल माझं मत सांगतो, आणि ते आपल्या काही वाचकांना आवडणार नाही. ध्वनिक्षेपक हा अजानचा भाग नाही. अजान तेराशे वर्षं त्याच्याशिवाय झाली. नियम 2000 सालचे आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, वस्तीच्या भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा, आणि ते मशिदीला जसे लागू तसे मांडवाला, डीजेला आणि प्रचारसभेला. एकाच मोहल्ल्यात चार मशिदींनी एकाच वेळी आवाज चढवायचा, याला मी इबादत म्हणणार नाही. पण एक गोष्ट या वादात कुणी बोललं नाही. अजान ही सार्वजनिक वेळ आहे. शेतातली बाई मगरिबची अजान ऐकून गुरं सोडवते, मग ती कुठल्याही धर्माची असो. 2025 मध्ये मुंबईत मशिदींवरचे भोंगे उतरवले, तेव्हा काही मशिदींनी मोबाइल ॲपवरून अजान पोहोचवायला सुरुवात केली. सोय झाली, नमाजीची वेळ चुकत नाही. पण ती वेळ खिशात गेली. गुरं सोडवणाऱ्या बाईला ती आता ऐकू येणार नाही. हे नुकसान आवाजाचं नाही, शेजाराचं आहे.

अजानमागे जे गणित आहे ते तर आपण स्वतःच विसरत चाललोय. जोहरची वेळ सूर्य माथ्यावरून कलला की सुरू होते. आता सूर्य माथ्यावर कधी येतो हे घड्याळाला विचारून कळत नाही. तेलगाव मिर्झापूरच्या साधारण साडेसहा अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे 26 मिनिटं मागे. त्यात ऋतूचा फरक मिसळला की फेब्रुवारीच्या मध्यावर आपल्याकडे खरी दुपार 12:40 च्या आसपास होते, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:10 च्या आत. मुंबईचा इफ्तार आपल्यानंतर साधारण 13 मिनिटांनी. रमजानमध्ये मुंबईच्या भाच्याला मी फोन करतो तेव्हा माझ्या तोंडात खजूर असतो आणि तो अजून घड्याळाकडे बघत असतो.

म्हणजे बघा, 1906 साली सरकारने जी स्थानिक वेळ बाजूला सारली, ती मशिदीच्या भिंतीवरच्या तक्त्यात आजही जिवंत आहे. जमात कधी उभी राहणार ते घड्याळावर ठरतं, पण नमाजची वेळ कधी सुरू होते ते तेलगावचा सूर्य ठरवतो. पंचांगाचंही तेच. सोलापूरहून निघणारं दाते पंचांग घ्या, राहुकाळ असो की गोरज मुहूर्त, स्थानिक सूर्य धरावाच लागतो. गोरज म्हणजे गुरं परतताना धूळ उडते ती वेळ. आमची मगरिबही तीच. लग्नाचा मांडव आणि मशीद समोरासमोर असली की हे आपोआप समजतं.

असरची वेळ आणखी सुंदर आहे, कारण ती सावलीने मोजतात. काठी उभी करा. दुपारची सर्वांत आखूड सावली लक्षात ठेवा. तिच्यात काठीएवढी लांबी आणखी वाढली की शाफई मसलकात असर सुरू. दुप्पट वाढली की हनफी. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, आम्ही मराठवाड्यातले हनफी. त्यामुळे रत्नागिरीचा पाहुणा घरी आला की तो माझ्या आधी नमाज पढून मोकळा होतो. यावरून आमच्यात कधी भांडण झालेलं नाही. एकाच काठीच्या सावलीवर दोन खुणा, एवढाच तो मतभेद.

जुन्या शहरांत या कामासाठी माणूस नेमलेला असे, त्याला मुवक्कित म्हणत. दमिश्कच्या उमय्या मशिदीचा मुवक्कित इब्न अल-शातिर याने 1371 मध्ये तिथल्या मिनारावर मोठं सूर्यघड्याळ बसवलं. ते सार्वजनिक होतं आणि त्याने काम केलं. आपल्या व्हॉट्सॲपवर मात्र अल-जझरीचा हत्तीवरचा घड्याळ-देखावा जास्त फिरतो, 1206 च्या ग्रंथातला, ज्याची प्रतिकृती दुबईच्या एका मॉलमध्ये ठेवली आहे. ‘आपले पूर्वज किती पुढे होते’ असा मजकूर खाली. होतेच. पण फॉरवर्ड करणाऱ्याला विचारलं की मशिदीतला तक्ता कुठल्या गावाचा छापलेला आहे, तर सांगता येत नाही. मॉलमधल्या हत्तीचा अभिमान आणि स्वतःच्या गावच्या सूर्याची ओळख नाही, हे मला बरं वाटत नाही.

बाबराच्या आत्मचरित्रात एक छोटी नोंद आहे, ती मी नववीच्या वर्गाला नेहमी सांगतो. हिंदुस्थानात घड्याळजी पितळेची जाड तबकडी टांगून घटका वाजवतात हे त्याने बारकाईने लिहिलंय. मध्यरात्री जाग आलेल्या माणसाला टोल ऐकू येतात, पण प्रहर कोणता चाललाय ते कळत नाही, म्हणून घटकेच्या टोलांनंतर प्रहराचेही टोल द्यायला त्याने सांगितलं. बाबराच्या राजकारणावर वाद घालणाऱ्यांनी तो जरूर घालावा. मला त्यातला रात्री जागा झालेला अनोळखी माणूस आवडतो. सार्वजनिक वेळ त्याच्यासाठी असते.

वेळेचा मालक कसा बदलतो हे आमच्या भागातल्या कागदांवरही दिसतं. बीड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. जमिनीचे जुने कागद उर्दूत, आणि त्यांच्यावर सन फसली. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा उर्दू वाचता येणाऱ्यांना अचानक भाव आला. माझ्याकडेही गावातले लोक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद घेऊन आले. ‘सन 1340 फसली’ वाचून एक जण दचकला, म्हणाला, “एवढं जुनं?” फसली सनात 590 मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे ते 1930 च्या आसपासचं होतं. फसली शब्द ‘फसल’वरून, म्हणजे पिकावरून. चांद्र वर्ष अकरा दिवसांनी सरकत जातं, पण शेतकरी सारा पीक निघाल्यावरच देऊ शकतो, म्हणून वसुलीसाठी वेगळं वर्ष लागलं. एका सरकारने निदान कॅलेंडर तरी शेतकऱ्याच्या पिकाभोवती बांधलं. वसुलीसाठी का होईना.

आमच्या तालुक्यात आज वर्ष कशाभोवती फिरतं ते सांगायला कॅलेंडर लागत नाही. दसऱ्यापासून माझ्या हजेरीपटावर रिकाम्या जागा दिसायला लागतात. दिवाळी संपली की टोळ्या निघाल्या. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, लहान मुलं. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, म्हणजे पुढचे पाच-सहा महिने आधीच विकलेले असतात. पहाटे अंधारात तोड सुरू, आणि गाडी भरायला कधी येईल त्याला वेळ नाही. रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, त्यांची हजेरी टिकते. बाकीची मार्च-एप्रिलमध्ये परत येतात, तेव्हा आम्ही उजळणी घेत असतो आणि त्यांनी तो धडा पहिल्यांदाच ऐकलेला असतो.

एक दिवस काम चुकलं की त्याला ‘खाडा’ म्हणतात. खाड्याचे पैसे कापतात. बाईला पाळीच्या दिवसांत उभं राहवत नसलं तरी तो खाडाच. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये सरकारने पाहणी केली, तेव्हा 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यामागे दवाखाने आहेत, भीती आहे, अज्ञान आहे, कमी वयातली लग्नं आहेत. पण खाडाही आहे. महिन्यातले चार दिवस देता येत नाहीत म्हणून शरीरातून महिनाच काढून टाकायचा. काळ या विषयावर कुणाला खरोखर काही मांडायचं असेल तर यापेक्षा भयंकर वस्तू मला माहीत नाही. आणि ती रात्री दिवे लावून, संगीत सोडून, फोटोच्या कोनातून मांडावी असं मी अजिबात म्हणणार नाही. काही गोष्टींचा देखावा करू नये.

म्हणजे मग कला करूच नये का? तसं माझं म्हणणं नाही. डेन्मार्कमध्ये वाढलेल्या ओलाफुर एलियासन या कलाकाराने ग्रीनलंडच्या समुद्रात सुटून तरंगणारे बर्फाचे बारा मोठे तुकडे आणून चौकात घड्याळाच्या आकड्यांसारखे गोल मांडले. 2014 मध्ये कोपनहेगनला, 2015 मध्ये हवामान परिषद चालू असताना पॅरिसला, आणि 2018 मध्ये लंडनमध्ये थोडी वेगळी मांडणी. लोक येऊन बर्फाला हात लावत, कान लावत. काही दिवसांत सगळं वितळून गेलं. इतक्या लांबून बर्फ वाहून आणायला किती इंधन जाळलं, असं आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर लगेच म्हणाले, आणि ते बरोबरच आहे. तरी मला ते आवडलं, कारण ते घड्याळ खरंच चालत होतं. काटे नव्हते, तरी वेळ संपताना दिसत होती. ती वेळ कोणाची संपतेय हे विचारायला पाटी वाचायची गरज नव्हती.

माझी कसोटी इतकीच आहे. चौकात काळावर काही उभं करताय, तर ते कुणाची तरी वेळ सांगतंय का? छत्रपती संभाजीनगरात शहागंजचं निजामकाळातलं घंटाघर आहे. त्याची अलीकडे डागडुजी झाली तेव्हा कुणी त्याला कलेचा उपक्रम म्हटलं नाही, पण माझ्या लेखी तो होता. बाजारातला हमाल मान वर करून त्याच्याकडे बघतो, आणि त्याला कुणी ‘याचा अर्थ काय’ विचारत नाही.

आमच्या शाळेत गेल्या दोन वर्षांत मुलांनी एक काम केलं. मैदानात काठी उभी केली आणि दर शुक्रवारी मधल्या सुट्टीच्या आसपास तिची सर्वांत आखूड सावली चुन्याने खुणावली. शुक्रवार का, तर मला जुम्यासाठी जायचं असतं आणि वेळ लक्षात राहते, दुसरं कारण नाही. वर्षाच्या शेवटी खुणांची रांग तयार होते, थंडीत लांब, मेच्या मध्यात जवळजवळ नाहीशी, कारण तेव्हा सूर्य आपल्या डोक्यावरून जातो आणि काठीला सावलीच राहत नाही. तो दिवस बघायला मुलं सुट्टी असूनही आली होती. प्रत्येक खुणेपाशी ज्याने मोजलं त्याचं नाव लिहायचं ठरलं. नोव्हेंबर ते मार्चच्या खुणांपाशी तीच तीच सात-आठ नावं आहेत.

तेलगावच्या चौकात असा एक लोखंडी खांब बसवावा, असं मी ग्रामपंचायतीच्या एका सदस्यांना सुचवलंय. खांबाच्या पायाशी फरशी, फरशीवर दुपारची रेघ, असरच्या दोन खुणा, एका कडेला 26 मिनिटांचा हिशेब मराठीत आणि उर्दूत, आणि दसऱ्याच्या आठवड्यापाशी फक्त ‘टोळ्या निघाल्या’ एवढे शब्द. खर्च फार नाही. ते म्हणाले, जागा बघू, पण उन्हाळ्यात तिथे रसवंतीची गाडी लागते, तिला धक्का नको. मी म्हटलं, गाडी लागू द्या, सावली तेवढी मोकळी ठेवा.